जॅझयुगातील गीते, गायक आणि नावांचा प्रश्न

कुंभकोणम् शहराच्या पश्चिमेस तीन-चार किलोमीटर अंतरावर दारासुरम् नावाचे गाव आहे. चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात येथे ऐरावतेश्वराचे मंदिर बांधले. प्रवासी तेथे गेला की त्याला प्रथम बलिपीठाच्या दगडी पायऱ्या दाखविल्या जातात. त्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात, अशी त्यांची ख्याती आहे. संगीताच्या अभ्यासकाने मात्र पायऱ्यांपाशी फार वेळ न घालविता आत जावे हे बरे. मुख्य मंदिराच्या भिंतीच्या तळाशी त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे तमिळ शैव संतांच्या, जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत आणि त्या लहान लहान शिल्पांवर संतांची नावे लिहिलेली आहेत. या संतांपैकी अप्पर, संबंदर आणि सुंदरर हे तिघे तर गीतकारच होते. गावोगावच्या देवळांत जाऊन ते पदे गात असत. उत्तरेकडील भिंतीवर एकशेआठ शैवाचार्यांच्या प्रतिमांची एक रांग आहे. तेथेही प्रत्येक प्रतिमेसोबत नाव आहे.

नावे लिहून ठेवण्याची ही पद्धत त्या प्रदेशात त्याहूनही जुनी होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील पहिल्या राजराजाच्या शिलालेखांत मंदिराच्या सेवेत नेमलेल्या चारशे स्त्रियांची नावे आहेत. कोणती स्त्री कोणत्या देवळातून आणली आणि आता ती कोणत्या रांगेतील कितव्या घरात राहते, हेही तेथे नोंदविलेले आहे. देवापुढे पदे म्हणणाऱ्या अठ्ठेचाळीस गायकांची आणि त्यांच्या साथीच्या दोन तालवादकांची नेमणूक व त्यांना रोज द्यावयाचे धान्य यांचा वेगळा लेख आहे. नर्तकी, गायक, ढोलकिया, शिंपी, हिशेबनीस, सारे एकाच दगडावर आले आहेत. राजाचा हेतू अर्थात संगीतप्रेमाचा नव्हता. धान्य कोणाला द्यावयाचे याचा घोळ होऊ नये, एवढ्यासाठी ही यादी केलेली होती. परंतु त्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या एका वाद्यवृंदाची हजेरी आपल्याला आजही वाचता येते.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, या प्रकरणाचा विषय असलेल्या विसाव्या शतकातील गीतांच्या बाबतीत अशी हजेरी लावणे फार अवघड आहे. ही गीते कोट्यवधी लोकांनी ऐकली. ती कागदावर छापली गेली, मेणावर कोरली गेली, तबकड्यांवर विकली गेली. तरीही ती कोणी घडविली, असे विचारले असता उत्तर देताना अडखळावे लागते. आणि अमेरिकेत जेथे अडखळावे लागते, नेमके त्याच्या उलट ठिकाणी मुंबईत अडखळावे लागते.

तीन मिनिटांचे गाणे

पहिल्या महायुद्धाचा शेवट आणि 1929 मधील शेअरबाजाराची कोसळण यांमधील दहा-बारा वर्षांना अमेरिकेत जॅझयुग म्हणतात. हे नाव लोकप्रिय केले ते एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या कादंबरीकाराने; 1922 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथासंग्रहाच्या शीर्षकातच ते आहे. 1920 पासून देशात दारूबंदी होती आणि चोरून चालणाऱ्या मद्यगृहांना नाचाच्या संगीताची गरज होती. दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांवरून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागो व न्यूयॉर्क या शहरांकडे चालली होती. न्यू ऑर्लिन्सचे वादकही त्यांच्याबरोबर निघाले. रेडिओ नवा होता. ग्रामोफोन मध्यमवर्गीय घरांत पोहोचला होता. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे, आणि म्हणून गाणेही तीन मिनिटांचे झाले. आज आपण ज्याला सिनेमाचे गाणे म्हणतो त्याची लांबीदेखील मुळात याच तबकडीने ठरविली आहे.

जॅझची पहिली समजली जाणारी तबकडी 1917 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित झाली. ती वाजविणारे पाचही जण गोरे होते, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. त्या तबकडीवरील एका रचनेच्या मालकीवरून त्याच वर्षी शिकागोच्या न्यायालयात खटला उभा राहिला. दोन्ही पक्ष म्हणत, ही रचना आमची. न्यायाधीशाने ती दोघांनाही नाकारली. ऐकून ऐकून उचललेल्या, कोणीही कागदावर न लिहिलेल्या सुरावटीचा धनी ठरवावयाचा कसा, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयाने जणू दाराबाहेर ठेवला.

पुढील साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे. अमेरिकेच्या 1909 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीतरचना म्हणजे स्वरलिपीत लिहिलेला कागद. तो नोंदविणाऱ्याला प्रत्येक तबकडीमागे दोन सेंट मिळत. तबकडीवरील प्रत्यक्ष आवाजाला मात्र संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण 1972 पर्यंत नव्हतेच. न्यूयॉर्कमधील गीतप्रकाशकांच्या गल्लीला ‘टिन पॅन अ‍ॅली’ असे थट्टेचे नाव होते. तेथे कचेरी थाटून बसलेला प्रकाशक कागदाचा मालक असे. ज्याने गाणे गायिले, त्यात ऐनवेळी चार जागा नव्या घेतल्या, एखादा स्वर खाली दाबून त्याला रडवेपणा आणला, त्याचे हे सारे कौशल्य कागदावर उतरत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ते घडलेलेच नव्हते. जॅझ व ब्लूज यांत तर हे ऐनवेळचे कौशल्य हाच संगीताचा गाभा आहे. ख्याल गाणाऱ्याच्या आलापीला कायद्याने नगण्य मानावे आणि फक्त चिजेचे शब्द नोंदवून घ्यावेत, अशी कल्पना केली म्हणजे मराठी वाचकाला या अन्यायाचे स्वरूप कळेल.

दोन गायिका

10 ऑगस्ट 1920 रोजी मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. ओके नावाच्या कंपनीला पेरी ब्रॅडफर्ड या संगीतकाराने महत्प्रयासाने त्यासाठी राजी केले होते. कृष्णवर्णीय माणसे तबकड्या विकत घेतात, हे कंपन्यांना तोवर ठाऊकच नव्हते. तबकडी प्रचंड खपली, आणि मग सर्व कंपन्या ब्लूज गाणाऱ्या स्त्रियांच्या शोधात निघाल्या. या तबकड्यांची यादी वेगळी छापत व तिला ‘वंशाच्या तबकड्या’ म्हणत. दुकानेही बहुधा वेगळी असत.

यांतील सर्वांत थोर आवाज बेसी स्मिथ हिचा. ती 1894 मध्ये टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे एका दरिद्री कुटुंबात जन्मली, लहानपणीच आईबापांना मुकली आणि रस्त्यावर गाऊन वाढली. फिरत्या तंबूंतील खेळांत ध्वनिवर्धकाशिवाय गावे लागे, त्यामुळे तिचा आवाज भरदार आणि पल्लेदार झाला होता. 1923 च्या फेब्रुवारीत तिने कोलंबिया कंपनीसाठी ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गायिले आणि ते देशभर गेले. तिच्याशी झालेल्या करारात एका पसंत पडलेल्या बाजूमागे 125 डॉलर एवढी उक्ती रक्कम होती. स्वामित्वधनाचे कलम खोडून टाकलेले होते. कंपनीच्या दृष्टीने हा साधा व्यवहार होता, आणि गायिकेलाही त्या वेळी ती रक्कम मोठीच वाटली असणार. 1937 मध्ये मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला. फिलाडेल्फियाजवळील दफनभूमीत तिच्या थडग्यावर तेहेतीस वर्षे दगडच नव्हता. 1970 मध्ये जॅनिस जॉप्लिन ही गायिका व लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली वॉनिता ग्रीन ही परिचारिका यांनी पैसे घालून तेथे नाव कोरलेला दगड बसविला.

परंतु ते गाणे होते कोणाचे? त्याचे शब्द आल्बर्टा हंटर या दुसऱ्या गायिकेचे आणि संगीत लव्ही ऑस्टिन या पियानोवादिकेचे. हंटरने ते बेसीच्या आधीच, 1922 मध्ये, ध्वनिमुद्रितही केले होते. म्हणजे येथे कागद होता, नावही होते, आणि तरीही त्या अफाट खपातून आपल्या हाती फारसे काही लागले नाही, ही तक्रार हंटर शेवटपर्यंत करीत राहिली. तिची पुढील हकिकत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. आई वारल्यावर तिने साठीच्या सुमारास गाणे सोडले, वय लपवून परिचर्येचे शिक्षण घेतले आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात वीस वर्षे परिचारिका म्हणून काढली. तिला सत्तर वर्षे झाली अशा समजुतीने रुग्णालयाने 1977 मध्ये तिला निवृत्त केले. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. त्याच वर्षी ती पुन्हा गाऊ लागली आणि 1984 मध्ये मृत्यू येईपर्यंत गात होती.

गोऱ्या गायकांची स्थिती निराळी होती, पण त्यांनाही नावाचे काही ना काही करावेच लागले. 1927 च्या ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटात तोंडाला काळे फासून गाणारा अल जॉल्सन हा लिथुएनियातून आलेल्या ज्यू धर्मगायकाचा मुलगा. त्याचे मूळ नाव एसा योएलसन. शेकडो गीतांचा कर्ता अर्व्हिंग बर्लिन हा रशियातून आलेला इस्रायल बेलिन. त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो चाल वाजवून दाखवी आणि पगारी लेखनिक ती उतरून घेई. त्या लेखनिकांची नावे कोणाला ठाऊक आहेत? 1925 पासून विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आला आणि तंबूत घुमणारे आवाज मागे पडून कानाशी कुजबुजणारे आवाज पुढे आले. जीन ऑस्टिन हा त्यांतला आघाडीचा. पुढे बिंग क्रॉस्बी. यांच्या गोडव्याबद्दल येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही, त्यांच्यावर पुस्तके पुष्कळ आहेत.

ताजमहाल हॉटेलातील कृष्णवर्णीय वादक

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाले. गौहर जान ही त्या सत्रातील प्रमुख गायिका. गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत उच्चारते. मेणाचे मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हर येथे जात व तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, एवढ्यासाठी ही प्रथा पडली असे सांगतात. तंजावरच्या शिलालेखाप्रमाणेच येथेही नाव उरले ते हिशेबाच्या सोयीमुळे. साथीचा सारंगिया आणि तबलजी यांना मात्र ठशावर नाव उच्चारण्याची संधी नव्हती.

अमेरिकन गाणी मुंबईत प्रथम तबकड्यांवरून व छापील कागदांवरून आली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केन मॅक यांच्यासारखे अँग्लो-इंडियन बँडप्रमुख मुंबईच्या नाचघरांतून ती वाजवू लागले होते. खरा बदल झाला तो 1935 च्या अखेरीस. लिऑन अ‍ॅबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद युरोपातून घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. मायदेशी ज्या हॉटेलांत या वादकांना पाहुणे म्हणून प्रवेश मिळाला नसता, तशाच एका हॉटेलात ते गोऱ्या साहेबांना, संस्थानिकांना व पारशी धनिकांना नाचवू लागले. अ‍ॅबीच्या नंतर क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक प्रमुख झाला. त्याच्या वाद्यवृंदाने 1936 मध्ये मुंबईतच ‘ताजमहाल’ नावाचा एक फॉक्सट्रॉट ध्वनिमुद्रित केला; त्याची रचनाही मुंबईच्याच रहिवाशाची होती. नरेश फर्नांडिस यांनी 2012 मध्ये या साऱ्या काळाचा इतिहास लिहिला तेव्हा ग्रंथाला त्याच तबकडीचे नाव दिले.

या मंडळींत रूडी जॅक्सन नावाचा एक क्लॅरिनेट व सॅक्सोफोन वाजविणारा होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची गोष्ट महत्त्वाची आहे. तो पूर्वी न्यू ऑर्लिन्सचा प्रख्यात किंग ऑलिव्हर याच्याकडे व नंतर ड्यूक एलिंग्टनकडे वाजवीत असे. 1927 मध्ये एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. अ‍ॅडलेड हॉल या गायिकेने शब्दांविना, केवळ स्वरांनी, तीत प्राण ओतला आणि ती अजरामर झाली. तिची मूळ चाल जॅक्सनने आणून दिली होती. ती ऑलिव्हरच्या 1923 च्या एका तबकडीवरची आहे, हे त्याने सांगितले नव्हते. ऑलिव्हरने हक्क मागितला, पण त्याची कागदपत्रे पुरेशी ठरली नाहीत. जॅक्सन एलिंग्टनकडून बाहेर पडला. अशा प्रकारे स्वामित्वाच्या एका प्रसिद्ध तंट्याचा नायक, किंवा खलनायक म्हणा, आठ-नऊ वर्षांनी अपोलो बंदरासमोर सॅक्सोफोन वाजवीत होता.

टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक या सर्वांहून अधिक काळ भारतात राहिला. त्याने शिकागोत तरुण लुई आर्मस्ट्राँगच्या सोबतीने वाजविले होते. 1926 मध्ये तो आशियाकडे निघाला. शांघाय, मुंबई, कोलंबो असे करीत युद्धकाळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला आणि 1945 च्या एप्रिलमध्ये पटकीने तेथेच वारला. वय एक्केचाळीस. त्याच्या वाद्यवृंदात अमेरिकनांबरोबर गोमंतकीय, अँग्लो-इंडियन, ब्रह्मी वादक बसत. जॅझचे खरे शिक्षण त्यांना येथे मिळाले.

गोमंतकीय लेखनिक

गोव्यातील चर्चच्या पाठशाळांतून मुलांना पोर्तुगीज काळापासून स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत असत. रविवारच्या प्रार्थनेसाठी गायक-वादक तयार करणे हा त्यामागील उद्देश. शेतीवर पोट भरत नाही म्हणून ही मुले मुंबईस येत, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कूडां’त पथारी टाकीत आणि मूकपटांच्या साथीला, लग्नात, क्लबांत, जहाजांवर, मिळेल तेथे वाजवीत. स्वरलिपीचे ज्ञान भारतात अन्यत्र मुळीच नव्हते असे नाही. तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पाश्चात्त्य संगीताचे ग्रंथ जमविले होते, ते सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. पण ती राजाची हौस होती. गोव्यात ते खेड्यातील मुलाचे पोटापाण्याचे साधन झाले.

या वादकांनीही नावे बदलली. हळदोणे गावचा अँतोनियू झेवियर वाझ (1916-1967) हा ‘चिक चॉकलेट’ झाला आणि आर्मस्ट्राँगच्या तबकड्या पुनःपुन्हा ऐकून त्याचा ट्रंपेट व त्याचा घोगरा आवाज दोन्ही त्याने इतके आत्मसात केले की लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. कावस खटाव हा पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन या नावाने गाजला. कुडचडेचा फ्रँकलिन फर्नांडिस हा फ्रँक फर्नांड झाला. हा वेदरफर्डच्या हाताखाली तयार झालेला. अमेरिकन वाटेल असे नाव असल्याशिवाय हॉटेलवाला करार करीत नसे, हे उघड आहे.

स्वातंत्र्यानंतर गोरे गिऱ्हाईक गेले आणि 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील नाचघरांचा कणाच मोडला. अमेरिकेत दारूबंदीने जॅझ पोसला. मुंबईत दारूबंदीने त्याला सिनेमाच्या ध्वनिमुद्रणगृहात ढकलले. तेथे त्याला भेटले मराठी संगीतकार रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे 1918 साली जन्मलेले, पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले रामचंद्र मुंबईत प्रथम हार्मोनियम वाजवीत. संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांना पहिली संधी मिळाली ती हिंदी वा मराठीत नव्हे, तर ‘जयक्कोडी’ व ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांत. पुढे 1958 मध्ये जेमिनीच्या ‘वंजिकोट्टै वालिबन’ या तमिळ चित्रपटासाठी त्यांनी बांधलेले पद्मिनी व वैजयंतीमाला यांच्या नृत्यस्पर्धेचे गीत तमिळनाडूत आजही विसरले गेलेले नाही. ‘शहनाई’ (1947) व ‘अलबेला’ (1951) या हिंदी चित्रपटांतील त्यांच्या गाण्यांत स्विंगचा ठेका प्रथमच देशभर घुमला. चिक चॉकलेट त्यांचा सहायक होता. ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. त्याचे नाव ठाऊक असलेला प्रेक्षक मात्र हजारात एखादाच असावा.

या सहकार्याची रीत समजून घेतली पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. समोर बसलेला गोमंतकीय ‘अरेंजर’ ती स्वरलिपीत उतरून घेई. मग आरंभीची व मधली वाद्यसुरावट, गायकाच्या ओळीमागून वाहणारी व्हायोलिनांची प्रतिसुरावट, ट्रंपेटांचे फटकारे हे सारे तो रात्री घरी बसून लिही आणि सकाळी तीस-चाळीस वादकांपुढे त्यांचे त्यांचे कागद ठेवी. वाद्यांच्या या योजनेतील नेमके किती संगीतकाराचे व किती अरेंजरचे, हे प्रत्येक वेळी निराळे असे. काही संगीतकार एकेक जागा गाऊन दाखवीत. काही नुसतेच ‘येथे काहीतरी भरा’ म्हणत. रामचंद्र पहिल्या प्रकारचे होते असे मानण्यास त्यांच्या गाण्यांतच पुरावा आहे, कारण वादक बदलले तरी त्यांची तऱ्हा बदलत नाही. परंतु त्यांच्याच ‘आशा’ (1957) या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गाण्याविषयी असे सांगतात की, मुलांच्या खेळातील निरर्थक शब्दांवर चाल रचली जात असता जॉन गोम्स या गोमंतकीय सहायकाने ‘मला नको’ अशा अर्थाचे कोंकणी शब्द त्यात घातले. आर्मस्ट्राँगने 1926 मध्ये ‘हीबी जीबीज’ या तबकडीवर निरर्थक अक्षरांच्या गायनाला जी प्रतिष्ठा दिली, तिचे हे थेट वंशज. चित्रपटाचे गीतकार म्हणून अर्थातच राजेंद्रकृष्ण यांचे नाव आहे.

आता अमेरिकेतील स्थितीशी ताडून पाहावे. तेथे कागद लिहिणारा धनी आणि गाणारा उपरा. मुंबईत लिहिणाराच उपरा ठरला, कारण पडद्यावरील नाव चाल सुचविणाऱ्याचे होते आणि तबकडीवरील नाव गाणाऱ्याचे. गंमत अशी की, भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही संगीतकृतीची व्याख्या ‘छापलेली किंवा लिहून काढलेली’ अशीच होती. त्या व्याख्येचा शब्दशः अर्थ घेतला असता, कायद्याने मागितलेली वस्तू अरेंजरच्या दौतीतून येत होती! कोणी तसा दावा केला नाही. दिवसाच्या मजुरीवर काम करणाऱ्याने तो करावयाचा तरी कोणाच्या जोरावर? 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताचे मूळ हक्क निर्मात्याचे, असा निकाल दिला. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळे टिपण जोडून, भारतीय संगीतात गायकाचा वाटा एवढा मोठा असताना आपला कायदा त्याला ओळखतही नाही, याबद्दल खेद व्यक्त केला. 1994 च्या दुरुस्तीने गायक-वादकांना हक्क मिळाले आणि स्वरलिपीत लिहिले असो वा नसो, संगीत रचणारा तो संगीतकार, अशी नवी व्याख्या आली. ही व्याख्या न्याय्यच आहे. भारतीय परंपरेतील बहुतेक रचनाकारांना तीशिवाय न्याय मिळता ना. मात्र तिच्यामुळे अरेंजरच्या कागदाचे उरलेसुरले कायदेशीर वजनही संपले. 2012 मध्ये गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा अबाधित करण्यात आला. अरेंजर हा शब्द तेथेही नाही.

माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (1927-2012) हे व्हायोलिनवादक व अरेंजर यांचे उदाहरण सर्वांत चमत्कारिक आहे. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. चित्रपटांच्या पाट्यांवर त्यांचे नाव क्वचितच असे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले आणि ते नाव देशातील पोराटोरांच्या तोंडी झाले. तोवर गोन्साल्विस चित्रपटसृष्टी सोडून गेले होते. अनेकांना ते कवीने कल्पिलेले पात्र वाटे.

फ्रँक फर्नांड यांनी निराळी वाट धरली. हिंदी चित्रपटांतील कामावर साठविलेला पैसा त्यांनी कोंकणी चित्रपटांत घातला. ‘आमचें नशीब’ 1963 मध्ये पडद्यावर आला आणि ‘निर्मोण’ 1966 मध्ये. त्या दुसऱ्याचीच कथा पुढल्या वर्षी ‘तकदीर’ या नावाने हिंदीत आली. दोन्ही कोंकणी चित्रपटांच्या नामावलीत निर्माता म्हणून त्यांचे नाव आहे. ते त्यांनी इंग्रजी वळणाचेच ठेवले, फ्रँक फर्नांड.